टाटांच्या तीन मुलुखांत

लोणावळ्याच्या आसपास, घाटाच्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर, जो पाऊस सह्याद्रीच्या पूर्व उतारावर कोसळतो, त्याचा निसर्गसिद्ध मार्ग इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेबरोबर थेट पूर्वसमुद्रात असा शेकडो कोसांचा आहे. परंतु गेली शंभराहून अधिक वर्षे त्या पावसाचा एक मोठा हिस्सा वळवणच्या धरणाआड अडविला जातो, पोलादी नळांत कोंडला जातो, सुमारे ५०० मीटरांची उडी घेऊन कोकणात खोपोलीला उतरतो आणि तेथे विजेची यंत्रे फिरवून पाताळगंगेच्या वाटेने पश्चिमसमुद्राला मिळतो. ज्या उद्योगसमूहाने नदीचे तोंड असे पूर्वेकडून पश्चिमेकडे वळविले, त्याच समूहाने २०२२ साली ‘आलिंगन’ या नावाची एक योजना जाहीर करून, २०४५ पर्यंत आपल्या सर्व व्यवसायांचे कर्बवायूचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा संकल्प सोडला आहे. टाटांच्या निरनिराळ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल चाळले, तर पोलादाची कंपनी, मिठाची कंपनी आणि विजेची कंपनी या विषयावर एकाच स्वरात बोलतात असे आढळते. जमीन मात्र सर्वत्र एका स्वरात बोलत नाही. तेव्हा अहवाल मिटून ठेवावेत आणि पाणी, मीठ व पोलाद या तीन धंद्यांच्या मुलुखांतून एक फेरी मारून यावी, असे मनाने घेतले.

मुंबईच्या कापडगिरण्यांना कोळशाऐवजी घाटातल्या पाण्याची शक्ती पुरवावी ही कल्पना मुळात डेव्हिड गॉस्टलिंग नामक वास्तुविशारदाची. समूहाचे संस्थापक जमशेटजी टाटा यांनी ती उचलून धरली, आणि त्यांच्या पश्चात १९१० साली टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनीची नोंदणी होऊन १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईस पोहोचली. त्यापाठोपाठ आंध्रा नदीच्या खोऱ्यातले पाणी १९२२ साली भिवपुरीला आणि मुळशीचे पाणी १९२७ साली भिऱ्याला उतरविण्यात आले. आज खोपोलीची क्षमता ७२, भिवपुरीची ७५ आणि भिऱ्याची ३०० मेगावॉट आहे. भिऱ्याच्या या आकड्यात निम्मा वाटा अशा संचाचा आहे, की जो मागणी मंद असताना खालचे पाणी पुन्हा वर चढवितो आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज परत देतो. सूर्य आणि वारा यांच्या लहरी विजेला हाताशी धरणारी अशी सोय आज जगभर शोधली जात आहे. येथे ती जुन्या वीजघराच्या शेजारी गेल्या शतकातच उभी राहिली. खोपोलीचे वीजघर पाहताना एक गोष्ट प्रथम ध्यानात येते ती ही, की येथे धुराडे नाही, कोळशाची रास नाही, राखेचे तळे नाही. पाण्याचा घोष आणि यंत्रांची गुणगुण, एवढाच काय तो उद्योगाचा आवाज. पर्यावरण हा शब्द सरकारी दप्तरांत शिरण्यापूर्वी कितीतरी वर्षे हे काम झाले, आणि ते पुण्य जोडण्यासाठी नव्हे, तर बंगालचा कोळसा मुंबईत महाग पडे म्हणून झाले. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग आहे.

वळवणच्या जलाशयाकाठी टाटा पॉवरचे मत्स्यबीज केंद्र आहे. दख्खनच्या नद्यांतला महाशीर हा मासा मोठा मानी. स्वच्छ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी त्याला लागते, आणि अंडी घालण्यासाठी तो प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने वर चढतो. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. देहूच्या डोहात तर वारकऱ्यांच्या श्रद्धेने त्याला अभय दिलेले होते. धरणांनी वरची वाट बंद केली, शहरांनी खालचे पाणी नासविले आणि सुरुंगाने मासे मारणाऱ्यांनी उरलेसुरले संपवीत आणले, तेव्हा सत्तरच्या दशकाच्या आरंभी, महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालकपद भूषविलेल्या डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली लोणावळ्यास या माशाच्या कृत्रिम प्रजननास प्रारंभ झाला. पक्व मादीचे पोट हलक्या हाताने दाबून अंडी काढावयाची, त्यांवर नराचे रेत शिंपावयाचे, मग ती फलित अंडी झुळझुळत्या पाण्याच्या उथळ तबकांत पसरून, मेलेली अंडी वेचून टाकीत, पिले बाहेर पडेपर्यंत राखण करावयाची, असा हा व्यवहार आहे. तो पाहण्यास साधा वाटतो, परंतु अंगी सुईणीचा धीर नसेल तर तो साधत नाही. येथून बोटभर लांबीची लक्षावधी पिले देशातील अनेक राज्यांच्या नद्या-तलावांत गेली, आणि खुद्द दख्खनच्या महाशीराचे नाव नामशेष होऊ घातलेल्या जातींच्या यादीतून उतरून पुढे निर्धास्त वर्गात गेले.

ही यशाची कथा येथेच संपविता आली असती, तर अहवाल लिहिणाऱ्यांची मोठी सोय झाली असती. पण या पिलांची एक खेप कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत स्वतःचा एक स्वतंत्र, केशरी परांचा, पाठीवर कुबड असलेला अजस्र महाशीर पूर्वापार नांदत होता. बाहेरून आलेल्या निळसर परांच्या महाशीराने तेथे असा जम बसविला, की मूळचा धनी मागे हटत गेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात शास्त्रज्ञांनी या उलथापालथीकडे बोट दाखविले, आणि २०१८ साली त्या कुबड्या महाशीराची नोंद जगातील अत्यंत संकटग्रस्त प्राण्यांत झाली. ज्यांनी पिले पैदा केली त्यांचा हेतू निर्मळ होता, ज्यांनी ती नेऊन सोडली त्यांचाही होता. त्या काळी नदीत मासा सोडणे हे झाड लावण्याइतकेच निर्विवाद सत्कृत्य मानले जाई. एका खोऱ्याचा जीव दुसऱ्या खोऱ्यात उपकार म्हणून नेता येत नाही, हे ज्ञान नंतरचे.

लोणावळ्याहून मी मुळशीस गेलो, आणि तेथे मराठी माणसास टाटांचे पर्यावरणकार्य निवांतपणे पाहणे कठीण जाते. पौडाच्या पुढे गेलो की निळ्या पाण्याचा तो अफाट विस्तार दिसू लागतो. पावसाळ्यानंतर शहरातून येणाऱ्या मंडळींना तो रमणीय वाटतो, आणि तो रमणीय आहेही. पण त्या पाण्याखाली मावळातील पन्नासाच्या आसपास गावांची भातखाचरे, देवळे आणि घरे आहेत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन ठाण मांडले. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्यांचे नेतृत्व केले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा येथलीच, आणि बापटांच्या नावामागे कायमची चिकटलेली सेनापती ही पदवीही येथलीच. सरकारने १८९४ चा भूमिसंपादनाचा कायदा कंपनीच्या पाठीशी उभा केला. पुण्याचे सावकार-जमीनदार वाढीव मोबदल्याच्या तडजोडीकडे झुकले. खाचरांत घाम गाळणारी कुळे उघडी पडली. आणि तीन वर्षांच्या तुरुंगवासांनंतर, मारहाणींनंतर व शिक्षांनंतर धरण पुरे झालेच. धरणाविरुद्ध संघटितपणे झालेला जगातील हा पहिला लढा, असे प्रा. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथाच्या नावातच नमूद केले आहे. पर्यावरणाचा जमाखर्च मांडताना कोळसा किती वाचला हे जमेच्या बाजूस येते, तसे मुळशी खर्चाच्या बाजूस यावयास हवे; पण जमाखर्चाच्या वह्या बहुधा अलीकडच्या वर्षापासून सुरू होतात.

हिशेबात आणखी एक गुंता आहे. वीज निर्माण करून मोकळे झालेले पाणी कोकणात वाया जाते म्हणावे, तर तसेही नाही. भिऱ्याच्या पाण्यामुळे कुंडलिका बारमाही झाली, रोह्याची कारखानदारी आणि खालची शेती तिच्यावर पोसली गेली, आणि कोलाडजवळ होड्यांतून फेसाळ प्रवाहात उतरण्याचा शौक करणारी तरुण मंडळी ज्या लाटांवर स्वार होतात, त्या लाटाही वीजघरातून रोज सकाळी सुटणाऱ्या पाण्याच्याच असतात. उलट, दुष्काळाच्या वर्षी भीमेच्या खोऱ्यातले लोक विचारतात, की आमच्या वाटचे पाणी घाटाखाली का म्हणून लोटावे? सोलापूरच्या शेतकऱ्याचा हा प्रश्न रास्त आहे, रोह्याच्या शेतकऱ्याची धास्तीही रास्त आहे, आणि कर्बरहित विजेची मुंबईला असलेली गरजही रास्त आहे. तिन्ही रास्त गोष्टी एकाच नळातून एकाच दिशेने जाऊ शकत नाहीत, ही अडचण.

पिंपरीचा उल्लेख वाटेत करून ठेवतो. मोटारींच्या कारखान्यासाठी तेथे घेतलेल्या उजाड माळावर इमारतींच्या जोडीनेच झाडे लावण्याचा आणि तळे करण्याचा आग्रह कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी धरला. साठीच्या दशकात या आग्रहाकडे लोक एका लहरी साहेबाचा छंद म्हणून पाहत असतील. आज त्यांच्या नावाच्या सरोवरावर हिवाळी पक्षी उतरतात. याहून अधिक त्याबद्दल सांगण्यासारखे नाही, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य: योजना नाही, ब्रीदवाक्य नाही, एका माणसाची अभिरुची होती.

मुंबईहून सुटणारी सौराष्ट्र मेल द्वारका मागे टाकून ओख्याच्या टोकाकडे निघाली, की शेवटाआधी मिठापूर लागते. हा ओखामंडळाचा टापू. पूर्वी बडोद्याच्या गायकवाडांच्या अंमलाखालचा, म्हणजे एका अर्थी मराठी दौलतीचे अगदी पश्चिमेचे ठाणे. १८५७ नंतर येथल्या वाघेरांनी बंड करून गायकवाडी अंमलास आणि इंग्रजांस बराच काळ झुंजविले होते. पाऊस अत्यल्प, जमीन खारवट, गोड पाणी दुर्मिळ. समुद्र आणि ऊन मात्र अमाप. कपिलराम वकील या रसायनशास्त्र्याने या दोन फुकटच्या वस्तूंवर भिस्त ठेवून सयाजीरावांच्या राज्यात मीठ आणि सोडा करण्याचे स्वप्न पाहिले, आणि १९३९ साली टाटा केमिकल्सची स्थापना झाली.

काच, साबण आणि धुण्याची पूड यांना लागणारा सोडा येथे सॉल्वे पद्धतीने होतो. मिठाचे संपृक्त पाणी आणि अमोनिया यांत, चुनखडी भाजून मिळालेला कर्बवायू सोडतात. सोडा मिळतो, अमोनिया परत हाती येतो, आणि मागे उरते कॅल्शियम क्लोराइड, तेही सोड्याच्या वजनाइतकेच, ज्याला गिऱ्हाईक जवळजवळ नाही. या पद्धतीचे जगातील सगळे कारखाने या उरलेल्या पांढऱ्या चिखलाने गांजलेले आहेत. मिठापूरने चिखलातील घन भाग वेगळा काढून त्यापासून सिमेंट करण्याचा कारखाना नव्वदच्या दशकात उभारला. त्याआधीची गोष्ट गोड्या पाण्याची. सोड्याच्या कारखान्यास बाष्पकांसाठी शुद्ध पाणी हवे, आणि ओखामंडळात माणसांना प्यावयास पाणी नाही. साठीच्या दशकातील दुष्काळात कारखाना बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा कंपनीचे दरबारी सेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जेथे जेथे गोडे पाणी वापरले जाई तेथे तेथे खारे पाणी घुसविता येईल का, आणि एकदा वापरलेले पाणी पुन्हा कितीदा फिरविता येईल, याचा छडा लावला. समुद्राचे पाणी उकळून वाफ आणि ऊर्ध्वपातित पाणी घ्यावयाचे, तर तळाशी अतिशुद्ध मीठ उरणारच. १९८३ पासून पिशव्यांत भरून देशाच्या घराघरांत गेलेले टाटांचे मीठ हे या पाण्याच्या तहानेचे उपफळ आहे. मिठापुरात मला सर्वांत अधिक पटलेली गोष्ट हीच. काटकसर निरुपायाने आली, परंतु आल्यावर ती यंत्रांच्या रचनेतच मुरली, आणि म्हणून कोणी व्यवस्थापक बदलला तरी ती बदलत नाही.

चरकल्याच्या मिठागरांवर मी एक सकाळ घालविली. आखीव बांधांच्या चौकोनांत समुद्राचे पाणी एका कुंडातून दुसऱ्यात जात अधिकाधिक खारट होत जाते. प्रत्येक पायरीच्या खारटपणात निराळे जीव जगतात, आणि त्यांना टिपण्यासाठी रोहित, करकोचे, कुरव आणि नाना जातींचे पाणपक्षी दाटीवाटीने उभे असतात. मनुष्याने केवळ नफ्यासाठी आखलेली भूमी पाखरांना इतकी मानवावी, यात कोणाचेही कर्तृत्व नाही. पण तो योग भंग होऊ नये एवढी जाग ठेवणे हेही थोडे काम नव्हे.

सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर याहून विलक्षण असे एक काम झाले. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा, एसटीच्या गाडीएवढा लांब, आणि तरी सूक्ष्म जीवांवर जगणारा निरुपद्रवी प्राणी, हिवाळ्याच्या सुमारास या किनाऱ्याशी येतो. वेरावळ आणि आसपासच्या बंदरांतले खारवे त्याला मोठाली पिंपे बांधलेल्या गळांनी दमवून मारीत, आणि म्हणून त्याला ‘बॅरल’ म्हणत. यकृताचे तेल होड्यांना चोपडण्यास उपयोगी पडे आणि मांस परदेशी जाई. माइक पांडे यांच्या चित्रपटाने ही कत्तल जगापुढे आणली, २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या माशाचे नाव गेले, आणि कायदा झाला. किनाऱ्यावर कायदा होणे आणि पाळला जाणे यांत किती अंतर असते, हे कोकणवासीयांस सांगावयास नको. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचे वनखाते आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून मोहीम काढली, तेव्हा रामकथाकार मोरारीबापूंनी कोळ्यांना सांगितले की ही मासोळी म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे, तिला ‘व्हाली’ म्हणा. कथाकीर्तनाच्या संस्कारात वाढलेल्या समाजाला दंडाची भीती जे सांगू शकली नसती, ते या नात्याने सांगितले. पण केवळ भावनेवर काम सोडले नाही, हे योजकांचे शहाणपण: चुकून जाळ्यात आलेला मासा सोडण्यासाठी खारवा आपले जाळे कापतो, त्याचे छायाचित्र स्वतः काढतो, आणि फाटलेल्या जाळ्याची भरपाई वनखाते देते. शेकडो मासे असे सुटले आहेत. जाळे हे खारव्याचे भांडवल. ते कापण्याची त्याची तयारी हा या मोहिमेचा खरा खर्च, आणि तो कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात मावणारा नाही.

कच्छच्या आखाताच्या पलीकडल्या तीरावर, मुंद्र्यास, याच समूहाचा ४,००० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे, आणि तो परदेशातून जहाजाने आलेला कोळसा जाळतो. तेथील मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी, प्रकल्पाच्या ऊन पाण्याने मासळी दूर गेली आणि कोळशाच्या धुळीने वस्ती व पिके काळवंडली अशी कैफियत मांडून, प्रकल्पास कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थेविरुद्ध अमेरिकेत दावा लावला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांना सरसकट अभय नाही असा निर्णय दिला. पुढे खालच्या न्यायालयांत दावा टिकला नाही, ही गोष्ट वेगळी. एका तीरावर कोळी जाळे कापतो म्हणून त्याचा गौरव होतो, दुसऱ्या तीरावर कोळ्याच्या जाळ्यात काही येत नाही म्हणून तो सातासमुद्रापार दाद मागतो. दोन्ही तीर एकाच समूहाच्या अहवालांत निरनिराळ्या कंपन्यांच्या सदरांखाली येतात, त्यामुळे त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

तेथून मुंबईस परतून हावडा मेलने पूर्वेकडे निघालो. हा लोहमार्ग म्हणजे टाटांच्या पोलादाच्या शोधयात्रेचाच मार्ग आहे, असे म्हटले तरी चालेल. जमशेटजींच्या मनात पोलादाचे बीज पडले ते आपल्या चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या खनिजाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ साली वाचून. वरोऱ्याचा कोळसा जवळच होता, पण तो भट्टीस योग्य ठरला नाही. पुढे नागपुरात सरकारी कचेरीतील कामासाठी गेलेले जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी रिकामा वेळ घालविण्यास समोरच्या संग्रहालयात शिरले आणि तेथील भूस्तरांच्या रंगीत नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोखंडाच्या खुणा त्यांना दिसल्या. त्या डोंगरांचा लाभ पुढे भिलाईला झाला. अखेरीस भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांच्या १९०४ मधील पत्राने मयूरभंजच्या लोखंडाची वार्ता दिली, सुवर्णरेखा आणि खरकई यांच्या संगमाजवळ साकची गावी जागा मुक्रर झाली, आणि १९१२ च्या फेब्रुवारीत तेथे पोलाद ओतले गेले. पाणी, कोळसा व लोखंड एकत्र येण्याची जागा म्हणून साल वृक्षांच्या अरण्यातले एक आदिवासी खेडे जमशेदपूर झाले.

शहर वसविण्यापूर्वीच, १९०२ साली, जमशेटजींनी दोराबजींना पत्राने कळविले होते की रस्ते रुंद असावेत, त्यांवर लवकर वाढणारी सावलीची झाडे असावीत, बागांना आणि खेळाच्या मैदानांना भरपूर जागा असावी, आणि देवळे, मशिदी व चर्च यांसाठीही जागा राखून ठेवावी. त्या सूचनेचे आजचे रूप जमशेदपुरात हिंडताना पटते; १९५८ साली पंडित नेहरूंच्या हस्ते उघडलेला जुबिली पार्क तर कारखान्याच्या धुराड्यांच्या अगदी नजरेच्या टप्प्यात आहे. शहराचे पाणी, सांडपाणी आणि रस्ते यांची तजवीज लोकनियुक्त नगरपालिकेऐवजी कंपनीची एक शाखा पाहते, हे लोकशाहीच्या दृष्टीने विचित्र असले तरी त्याचा एक फायदा असा, की शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी कारखान्यास वापरावयास देण्यासाठी दोन खात्यांमध्ये वर्षानुवर्षे पत्रापत्री चालत नाही.

पण पोलादाचा प्रश्न पाण्याचा नाही, कोळशाचा आहे. झोतभट्टीत कोळसा केवळ ताप देत नाही. लोखंडाच्या दगडातील प्राणवायू हिसकून घेण्याचे कामही तोच करतो, आणि तो कर्बवायू होऊन आकाशात जातो. एक टन पोलादामागे दोन टनांहून अधिक कर्बवायू, असा या पद्धतीचा ढोबळ हिशेब आहे. जमशेदपूरचे पोलाद वर्षाला सुमारे एक कोटी टन. कर्बवायूचा दिवसाचा हिशेब केला तर तो पन्नास हजार टनांच्या पुढे जातो. २०२१ साली येथे झोतभट्टीच्या वायूतून कर्बवायू वेगळा काढणारे एक संयंत्र सुरू झाले, आणि त्याची क्षमता दिवसाला ५ टन आहे. ज्या अधिकाऱ्यांनी मला कारखाना दाखविला त्यांनी ते प्रयोग म्हणूनच दाखविले, याबद्दल त्यांचा आदर वाटतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये ‘ई’ झोतभट्टीत कोळशाच्या पुडीच्या काही हिश्श्याऐवजी हायड्रोजन वायू सोडण्याची चाचणी झाली. त्यातून कोक, म्हणजे भट्टीसाठी भाजून घेतलेला कोळसा, सुमारे दहा टक्क्यांनी वाचू शकेल असा अंदाज आहे. मधल्या काळात, तापलेला कोक पाणी ओतून विझविण्याऐवजी कोरड्या वायूने थंड करून ती उष्णता विजेसाठी घेणे, भट्टीचा वायू हवेत न सोडता जाळून वीज करणे, या जुन्या काटकसरी चालू आहेत; आणि मला वाटते, आजवर खरा कर्बवायू वाचला आहे तो यांनीच.

कोळशाची पद्धत मुळातून बदलावयाची झाली तर काय होते, याचे उत्तर जमशेदपुरात नसून वेल्समध्ये आहे. पोर्ट टॅलबट येथील टाटांची शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी विझली. मोडीतले लोखंड वितळविणारी विजेची भट्टी तेथे येणार असून तिच्या १२५ कोटी पौंडांच्या खर्चापैकी ५० कोटी ब्रिटिश सरकार सोसणार आहे, आणि या बदलापायी अडीच हजारांहून अधिक माणसांच्या नोकऱ्यांवर गदा आली. वेल्सची हवा निवळेल. झारखंडात मोडीचे लोखंड तितके नाही आणि पोलादाची भूक वाढती आहे, तेव्हा तोच न्याय इथे लगेच लागू होणार नाही, हे अधिकाऱ्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.

कारखान्याच्या धातुमळीचे मात्र चांगले चालले आहे. झोतभट्टीची मळी दाणेदार करून सिमेंटवाले केव्हाच उचलू लागले होते. पोलादाच्या भट्टीची मळी अधिक हट्टी, कारण तिच्यात मोकळा चुना असतो, तो पाणी लागले की फुगतो आणि रस्ता उखडतो. तिला वाफ देऊन, जे फुगावयाचे ते आधीच फुगवून घेतले, की ती उत्तम खडी होते. ही खडी जमशेदपुराहून आगगाडीने अरुणाचल प्रदेशात गेली आणि सीमा रस्ते संघटनेने तेथील मुसळधार पावसाच्या डोंगराळ मुलुखात तिचा रस्ता केला. नवा डोंगर फोडून खडी काढण्यापेक्षा हे सर्वथा बरे.

अखेर मी नोआमुंडीस गेलो, सारंड्याच्या अरण्याच्या कडेला. लाल धूळ अंगभर घेऊन उभे असलेले हे खाणींचे गाव. जवळपास शंभर वर्षे येथून लोखंडाचा दगड जमशेदपूरला जातो. खाणीच्या आवारात ३ मेगावॉटचे सौर वीजकेंद्र आहे, दोराबजींच्या नावाचे वनस्पती उद्यान आहे, खणून संपलेल्या उतरणींवर पायऱ्या पाडून गवत आणि झाडे लावलेली आहेत. सगळे हिरवे आहे, नीटनेटके आहे. आसपासच्या हो आदिवासींचे अरण्य मात्र सालाचे; त्यांची देवराई सालाची, सण सालाच्या फुलोऱ्याचा, ताटवाटी सालाच्या पानांची. जमीन आणि अरण्य जाण्याची भीती या सबंध पट्ट्यात काय करू शकते, हे २ जानेवारी २००६ रोजी ओडिशातील कलिंगनगरला दिसले, जेथे टाटांच्याच नियोजित कारखान्याच्या कुंपणाच्या कामावरून झालेल्या संघर्षात पोलिसांच्या गोळ्यांनी तेरा आदिवासी मृत्युमुखी पडले. मुळशीच्या वेळी सरकार परक्यांचे होते, एवढी सबब तेव्हा तरी होती.

नोआमुंडीच्या उतरणीवर उभा राहून मी सोबतच्या गृहस्थांना, लावलेल्या झाडांत साल किती, असे विचारले. साल हे रोपवाटिकेला न जुमानणारे झाड आहे. त्याचे बी पहिल्या पावसाच्या सुमारास गळते आणि आठवडाभरातच निर्जीव होते; रोप मुळाशी दुखावले तर जगत नाही; आणि जगले तरी पहिली काही वर्षे त्याचा शेंडा पुनःपुन्हा मरतो व मुळापासून फुटतो, त्यामुळे लावणाऱ्याला दाखविण्याजोगे काहीच हाती लागत नाही. लवकर वाढणाऱ्या इतर झाडांचा आकडा अहवालात शोभून दिसतो. त्या गृहस्थांनी थोडा विचार करून सांगितले, की अगदी थोडे. बी वेचण्यास हो बायका येतात, त्यांना झाडे ठाऊक आहेत, आणि जूनमध्ये त्या सात-आठ दिवसांत माणसे मिळाली, तर यंदा वरच्या दोन पायऱ्यांवर बी थेट जमिनीत टोचून पाहण्याचा विचार आहे.